राणी रंगाची आसमानी

आमच्या घराचा पत्ता सांगताना गल्लीतली माणसं नाव, नंबर असल्या भानगडीत पडत नसत. "सरळ जा. दोरीवर राणी कलरची साडी दिसली की थांबा, तेच मास्तरांचं घर," एवढं सांगून मोकळी होत. नवा पोस्टमन असो की पहिल्यांदा येणारा पाहुणा, चुकलं कुणीच नाही. ती साडी आईची. बाकीच्या साड्याही तिच्याकडे होत्या, पण त्या बिचाऱ्या राणीच्या शेजारी वाळत असल्या तर नजरेलाच पडत नसत.

राणी रंग म्हणजे गुलाबी नव्हे. गुलाबी म्हणजे पाहुण्यांसमोर हळू बोलणारी मुलगी आणि राणी म्हणजे तीच मुलगी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर. बँडवाल्यांचे कोट, मांडवाची झालर, बर्फाच्या गोळ्यावरचं सरबत, कुंपणावर माजलेली बोगनवेल, एवढं या रंगाचं राज्य. कवितेत मात्र त्याला कुणी पाऊल ठेवू दिलं नाही. गाल गुलाबी, पहाट गुलाबी, स्वप्नं गुलाबी. कुठल्या नायिकेचे गाल राणी कलरचे झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही. तसे झालेच असते तर कवीनं कविता सोडून डॉक्टरला बोलावलं असतं.

हे मी अधिकारानं बोलते, कारण गुलाबीचं सगळं शास्त्र मी घरातच शिकले. आमचे वडील, म्हणजे अण्णा, मराठीचे मास्तर. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या, मराठी शिकवणाऱ्या माणसांची टंचाई पडली, आणि घरी मराठी वाचणारे अण्णा सोयगावच्या शाळेत चिकटले. तिथून औरंगाबादेत आले. उर्दू शेर आणि मराठी कविता त्यांच्या डोक्यात एकाच खोलीत राहत, आणि दोघांचं चांगलं जमायचं.

त्यांचा 'गुलाबीचा तास' शाळेत गाजलेला होता. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याशा ओळीत गुलाबी शब्द आला की अण्णा पुस्तक मिटत, आणि त्या दिवशी दुसऱ्या तुकड्यांची मुलंही खिडकीशी येऊन उभी राहत. मी त्याच शाळेत होते, त्यामुळे हा तास मी बाकावरून एकदा आणि खिडकीतून पुष्कळदा ऐकला.

"गुलाबी थंडी म्हणतो आपण," अण्णा विचारत, "तुमच्यापैकी कुणी थंडीचा रंग पाहिलाय?"

कुणी हात वर करत नसे.

"मग काळी थंडी का म्हणत नाही? हिरवी का नाही? कारण जी थंडी हवीशी वाटते ती गुलाबी. पोरांनो, बाकीचे रंग डोळ्यांना दिसतात. गुलाबी हा हवंसं वाटण्याचा रंग आहे."

मग ते गाडी सोडत. लाल रंग ओरडून सांगतो, पांढरा सांगतच नाही, आणि गुलाबी सांगू की नको करत दारात उभा राहतो. उर्दूतल्या प्रेयसीच्या गालावरून निघालेले अण्णा मराठीतल्या पहाटेपाशी पोचत, तोवर घंटा होऊन गेलेली असायची. पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात ताटकळत, पण तेही ऐकत असत.

या माणसाच्या बायकोनं जन्मभर राणी कलर नेसावा, हे मला कळायला लागल्यापासून खटकत होतं.

त्याचं असं होतं. दिवाळीच्या पाडव्याला आई अण्णांना ओवाळायची आणि अण्णा तबकात साडी ठेवायचे. ती आणायला ते एकटे गुलमंडीत जायचे. आईला बरोबर न्यायची पद्धत नव्हती. "ओवाळणी काय निवडून घ्यायची असते?" असं त्यांचं म्हणणं. आणि आलेल्या ओवाळणीला नाव ठेवायचं नाही, असं आईच्या माहेरचं वळण. दोन्ही बाजूंनी असा पक्का बंदोबस्त असल्यामुळे दर पाडव्याला पुडकं सुटायचं, आतून राणी कलर डोळ्यांवर चाल करून यायचा, आणि आई म्हणायची, "छान हाय." कधी काठ वेगळे, कधी बुट्टी, पण अंग राणीच. पुढं पुढं तर दुकानदार अण्णांना बघितलं की विचारायचाही नाही, थेट ठरलेला गठ्ठा खाली काढायचा.

कॉलेजात गेल्यावर मला जरा तोंड फुटलं. मी म्हटलं, "अण्णा, यंदा दुसरा रंग आणा की. किती वर्षं तो राणी कलर!"

"दुकानदार काहीही नावं ठेवतात," अण्णा म्हणाले. "आनंदी काय, राणी काय. तुझ्या आईला हाच रंग आवडतो. लग्न झाल्यावर तिनंच सांगितलंय मला."

मी आईकडं बघितलं, तर ती पुरणात डोकं घालून बसलेली. झालं, मला खात्रीच पटली. आई देवगाव रंगारीची, शेतकऱ्याघरची. "त्यांना भडकच लागतं," असं माझी आत्या नेहमी म्हणायची, आणि इतर बाबतींत आत्याशी कडाकडा भांडणारी मी या एका बाबतीत तिच्या पक्षात गेले.

पुढं माझं लग्न झालं, तेही दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे माहेर सुटलं असं कधी झालंच नाही. मुलगा झाला. तो चित्रं काढायचा त्यात झाडाची पानं तपकिरी आणि खोड हिरवंगार असायचं. आम्ही त्याला कलावंत ठरवलं. कलावंत मोठा होऊन आयटीआयला गेला, वायरमन झाला आणि वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीसाठी निवडला गेला. उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी.

तिथं त्याच्यासमोर ठिपक्यांचं पुस्तक धरलं. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा दडलेला असतो, तो ओळखायचा. आमच्या चिरंजिवांना एकाही पानावर आकडा दिसेना. डॉक्टरनी दुसऱ्या दिवशी मलाही बोलावलं.

"याला रंगांमध्ये गल्लत होते," ते म्हणाले. "लाल-हिरव्यात होते. गुलाबी तर अशा माणसांना पुष्कळदा निळसर दिसतो. हे बहुधा आईकडून येतं. तुमच्या वडिलांना कधी रंगांचा काही त्रास?"

"माझ्या वडिलांना?" मला हसूच आलं. "डॉक्टर, माझे वडील गुलाबी रंगावर तासभर बोलतात."

"बोलतात ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "पण ओळखतात का?"

वाळूजहून घरी येताना बसमध्ये माझं हसू एकेक स्टॉपला कमी होत गेलं. सोयगावची गोष्ट आठवली. पटकीच्या साथीत विहिरीत औषध टाकलं आणि पाणी गुलाबी झालं, तेव्हा गावात कुणी ते प्यायला धजेना. अण्णांनी सर्वांदेखत तांब्याभर घशाखाली घातलं आणि विचारलं, "काय झालंय पाण्याला? चांगलं तर आहे!" त्या धाडसाची कहाणी आमच्या घरात अजून सांगतात. मग आठवलं, एकदा अण्णांनी पेपरांचा अख्खा गठ्ठा हिरव्या शाईनं तपासला होता. हिरवी शाई फक्त मोठ्या साहेबांची. हेडमास्तर फुगून बसले आणि शाळेनं त्याला अण्णांचं बंड मानलं. आणि बसमधून उतरता उतरता दोरीवरची साडी आठवली. मी घरी न जाता तडक आईकडे गेले.

अण्णा फिरायला गेले होते. आई मागच्या ओसरीत मेथी निवडत होती. मी चप्पलही न काढता विचारलं, "आई, तुला खरा कोणता रंग आवडतो?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "कोन बोललं तुला?"

"वाळूजचा डॉक्टर."

"वाळूजपोतर गेली का गोष्ट!" आई म्हणाली आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पहिल्या पाडव्याच्या आधी ह्यांनी इचारलं, तुला कोन्ता रंग आवडतो. म्या म्हणलं, आसमानी. माझ्या मायची एक साडी व्हती तसली. अन् आणली ही. मला वाटलं, दुकानात नसंल. दुसऱ्या सालीबी हीच. तवा म्हणले, 'घे, तुझी आसमानी.' म्या तोंडाकडं बघितलं, तर चेष्टा नाय. लई खुशीत व्हते. तवा कळलं मला."

"मग सांगायचं नाही त्यांना?"

"काय सांगू? गुलाबीच्या तासाला सारी शाळा खिडकीत हुबी राहती, अन् मी सांगू, मास्तरला गुलाबी दिसतच नाय? पोरं जगू देतील का त्यांला? अन् त्यांनी तरी पुन्हा तो तास घेतला असता का?"

"अगं, पण स्वतःला एखादी आसमानी घ्यायचीस!"

"अन् ह्यांनी इचारलं असतं, ही तर हायच की तुझ्याकडं, मंग? अन् गल्लीतलं कुनी ह्यांच्या म्होरं बोललं असतं, आज राणी नाय, आसमानी? एका साडीपायी सगळं उघडं पडलं असतं." तिनं पुन्हा मेथी ओढली. "आसमानी नाय नेसली म्हणून काय मरत नाय माणूस."

चार काड्या निवडून झाल्यावर ती खालच्या मानेनं म्हणाली, "एकदा नेसायची व्हती, पन."

मला इतकं रडू आलं की मी तिच्यावरच चिडले. हा माझा जुना स्वभाव आहे, वाईट वाटलं की मी भांडते. आईला भडक आवडतं म्हणणाऱ्या आत्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, आणि त्याच आठवड्यात गुलमंडीत जाऊन साडी आणली. आसमानी, खरीखुरी, बारीक चंदेरी काठाची. दुकानाच्या पायऱ्यांवर, उजेडात नेऊन दोनदा बघितली, कारण आमच्या रक्तावरचा माझा विश्वास उडाला होता.

आईनं ती मांडीवर घेतली. तिच्यावरून हात फिरवत राहिली. मग घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली.

"नेस की!"

"आता नाय. एवढी वर्सं सांभाळलं, आता म्हातारपनी कशाला ह्यांची शोभा?"

मुलाच्या नोकरीचं अण्णांना एवढंच सांगितलं की वायरिंगऐवजी स्टोअरमध्ये घेतलंय. मुलानं आजीच्या धाकानं ठिपक्यांचा विषय काढला नाही. "बरं झालं, पुस्तकं वाचेल तिथं," अण्णा म्हणाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला. पंचाहत्तरी झाली होती. शाल-श्रीफळ नेहमीचंच, पण विद्यार्थ्यांची एक अट होती: सरांनी गुलाबीचा तास पुन्हा एकदा घ्यायचा. शाळेच्या सभागृहात, सगळ्यांसमोर. अण्णा वयानं निम्मे झाले. पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं तालीम सुरू झाली. मी आणि आई स्वयंपाकघरात मटार सोलत ऐकत होतो.

"पोरांनो," पोरं आता पन्नाशीची होती, "रंग एकटा कळत नाही. त्याच्या शेजारी दुसरा ठेवावा लागतो. गुलाबी कळायचा तर आधी आसमानी बघा. पहिल्या रांगेत एक बाई बसल्यात. चाळीसेक वर्षं मी त्यांना आसमानीतच बघतोय. जरा त्यांच्या पदराकडं बघा..."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. आमची दोरी, दोरीवरची साडी, सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ होती. त्यातले निम्मे लहानपणी त्याच खुणेनं घर शोधत आलेले. अण्णा स्टेजवरून बोट दाखवणार, सगळं सभागृह वळणार, आणि पहिल्या रांगेत बसलेली असणार राणी कलरची साडी.

"सांगून टाकूया त्यांना," मी कुजबुजले.

"आता? भाषनाच्या तोंडावर?" आई म्हणाली. "भाषनच करायचे नाईत ते."

"मग तू जाऊ नकोस."

"पहिल्या रांगंत मी नाय तर कोन बसनार, तू?" एवढं बोलून ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेचं झाकण वाजलं.

आता राहिला ब्लाउज. साडी असून उपयोग काय, आसमानी ब्लाउज घरात औषधालाही नव्हता. आम्ही शेजारच्या खालाकडे धावलो. खाला गल्लीभरच्या साड्यांना फॉल लावायची, ब्लाउज शिवायची, आणि आईची प्रत्येक राणी तिच्या हाताखालून गेलेली होती. आसमानी कापड बघून तिनं मशीन थांबवलं. आईनं तिला सगळं सांगितलं, तर खाला बाई थंडच.

"ये तो मेरेकु कबका मालूम," ती म्हणाली. "ईद के दिन मेरे हरे दुपट्टे कु लाल बोले थे मास्टर साब. मैं हौ बोल दी."

"अन् मला नाय बोललीस कधी?" आई म्हणाली.

"तुम बोले क्या मेरेकु?" खालानं विचारलं, आणि दोघी इतक्या हसल्या की माप घ्यायचं राहून गेलं.

सत्काराच्या दिवशी संध्याकाळी खरोखरची गुलाबी थंडी पडली होती. अण्णा विद्यार्थ्यांबरोबर पुढं गेले. आई मागून माझ्याबरोबर निघाली, आसमानी नेसून. मी तिला नीट बघितलं. खरं सांगते, आई त्या साडीत फार सुंदर दिसत होती, आणि फार घाबरलेली. गल्लीतून जाताना दोघा-तिघांनी वळून बघितलं. सभागृहाच्या दारात एकजण "काकू, आज राणी..." असं म्हणायला लागला, तोच मागून खालानं त्याचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं. "बैठो बाबा, शुरू हो रहा," ती म्हणाली. सुरू व्हायला अजून पुष्कळ वेळ होता.

अण्णा बोलायला उभे राहिले आणि वीस वर्षं कुठं गेली कळलं नाही. थंडीला रंग असतो का, विचारलं, आणि टकलं पडलेल्या मुलांनी खरोखर विचार केला. मग ते त्या वाक्यापाशी आले.

"पहिल्या रांगेत एक बाई बसल्यात," अण्णा म्हणाले. "जरा त्यांच्या पदराकडं बघा. याला म्हणतात आसमानी."

सगळं सभागृह वळलं. ज्यांना दोरी आठवत होती ते हसायच्या तयारीनं वळले होते, हे मी त्यांच्या तोंडांवर वाचलं. आणि समोर आसमानी साडी. हसू तोंडातच राहिलं, कुणीतरी "वा!" म्हणालं, आणि टाळ्या सुरू झाल्या. आई मांडीवरच्या हातांकडं बघत बसली होती. तिच्या कानापासून गळ्यापर्यंत जो रंग चढला होता तो गुलाबी नव्हता. तो चांगला राणी कलर होता. कवींनी या रंगाला उगाच बाहेर ठेवलं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

परतताना रिक्षात आम्ही तिघं. अण्णांच्या मांडीवर शाल आणि नारळ. आई मध्ये. पैठण गेट मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "अहो, आज कशी दिसत व्हते मी?"

असं काही विचारताना मी आईला आयुष्यात ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नसावं, कारण ते वळून तिच्याकडं बघायला लागले.

"कशी म्हणजे?" ते म्हणाले. "रोजच्यासारखी."

मी रस्त्याकडं तोंड केलं. एवढी साडी, एवढा ब्लाउज, एवढा जीव टांगणीला लागला, आणि म्हणे रोजच्यासारखी! मला त्यांचा असा राग आला की रिक्षा थांबवून सगळं सांगून टाकावंसं वाटलं.

"आसमानी तुला पहिल्यापासून शोभते," अण्णा म्हणाले. "पहिल्या पाडव्याला नेसलीस, तेव्हाही अशीच दिसत होतीस."

घर येईपर्यंत आई हसत होती की रडत होती, मला अंधारात कळलं नाही. घरी आल्यावर अण्णा शाल खुंटीला लावायला पुढच्या खोलीत गेले आणि मी आईच्या साडीची घडी घालायला आत गेले. पदराचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"आई, त्यांना काहीच फरक कळला नाही गं," मी म्हटलं.

"व्हय," आई म्हणाली. "म्हंजे पोरी, त्यांच्या डोळ्यांपुढं मी आसमानीतच नांदले."